जुन्या अ‍ॅम्बेसेडरचा क्लच बदलताय? गिअरबॉक्स चढवायच्या आधी एवढं बघा

आमच्याकडे म्हापशाला जुनी अ‍ॅम्बेसेडर आहे, १५०० पेट्रोलवाली, तिला नवी क्लच प्लेट टाकली आणि पेडल पूर्ण दाबलं तरी रिव्हर्स पडताना करकर आवाज, मेकॅनिक म्हणाला केबल-सिलिंडर बघू, दोन दिवस त्यातच गेले. खरं कारण वेगळंच, पार्ट एकमेकांचे नव्हतेच! १९९२ नंतर इसुझूचं १८०० इंजिन आलं, दुकानात डब्यावर नुसतं 'अ‍ॅम्बेसेडर' एवढंच बघून देतात, म्हणून इंजिन कुठलं ते आधी सांगा आणि जुनी प्लेट सोबत न्या.

नवी प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हाताने सरकवून बघा, अडकता कामा नये आणि शाफ्टवर सैल डगडगता पण कामा नये. व्यास जुन्याशी मोजा. हबचा, म्हणजे प्लेटच्या मधल्या भागाचा, उंच भाग कुठल्या बाजूला होता त्याचा काढतानाच फोटो घ्या, उलटी बसली की हब फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मागच्या जड चाकाच्या) बोल्टांना घासतो आणि क्लच सुटतच नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारं) तर नक्की बघा, प्रेशर प्लेट म्हणजे क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग, तिच्यात सुट्या बोटांसारख्या लिव्हरवालीचं आणि डायफ्रामवालीचं (एकाच गोल चपट्या स्प्रिंगवालीचं) बेअरिंग वेगळं असतं, उंचीत थोडा फरक पडला तरी क्लच एकतर सुटत नाही किंवा चढावर स्लिप होतो.

आणि हो, गाडी अख्खा पावसाळा उभी होती का? आपल्या गोव्याच्या दमट हवेत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, लक्षण अगदी असंच दिसतं, तेव्हा पार्टला दोष द्यायच्या आधी हे तपासा.