पाण्यातला क्रिप्टोस्पोरिडियम जिवंत आहे का? पीएमए-क्यूपीसीआरने तपासताना

क्रिप्टोस्पोरिडियम हा पाण्यातून पसरणारा, जुलाब घडवणारा परजीवी. डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणाऱ्या साध्या पीसीआरला जिवंत आणि मेलेले यातला फरक कळत नाही. पाणी उकळून मारलेल्या ऊसिस्टचा (परजीवीच्या जाड कवचाच्या रूपाचा) डीएनए शाबूत असतो, त्यामुळे अहवाल 'पॉझिटिव्ह'च येतो. उलट हा परजीवी क्लोरीनला सहसा दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातून सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. म्हणून नुसता 'सापडला' हा निकाल जलशुद्धीकरण केंद्राच्या फारसा कामाचा नाही.

पीएमए म्हणजे प्रोपिडियम मोनोअझाइड, आणि क्यूपीसीआर म्हणजे डीएनए किती आहे तेही मोजणारा पीसीआर. पीएमए हा रंग मेलेल्या ऊसिस्टच्या फाटलेल्या पटलातूनच आत शिरतो आणि निळा प्रकाश पडला की डीएनएला कायमचा चिकटतो. असा डीएनए पीसीआरमध्ये वाढत नाही. त्यामुळे एक नियम सुरुवातीपासून पाळायचा: पीएमएच्या आधीच्या कोणत्याही पायरीत जिवंत ऊसिस्ट मरता कामा नये.

नमुना १० लिटरचा घ्या, थंड ठेवा, पण गोठवू नका आणि त्यात फॉर्मॅलिन घालू नका. ऊसिस्ट अवघे ४ ते ६ मायक्रोमीटरचे असतात, म्हणून १ मायक्रोमीटरचा कॅप्सूल फिल्टर वापरा. फिल्टर धुऊन आलेले पाणी १५०० जी वेगाने १५ मिनिटे फिरवा आणि वरचे पाणी हळूच, पेलेट (तळाशी बसलेला गाळ) न हलवता काढा. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याचा पेलेट मोठा येतो. एका इम्युनोमॅग्नेटिक शुद्धीकरणाला (प्रतिपिंड लावलेल्या चुंबकी मण्यांनी ऊसिस्ट वेगळे करण्याला) अर्धा मिलिलिटरपेक्षा जास्त पेलेट घेऊ नका, उरलेला दुसऱ्या ट्यूबमध्ये करा.

सर्वात जास्त फसगत इथे होते. चुंबकी मण्यांवरून ऊसिस्ट सोडवायला काही प्रयोगशाळा ८० अंशांवर १० मिनिटे तापवतात. मोजणीसाठी ते चालते, जिवंतपणा तपासायचा असेल तर नाही, कारण सगळे ऊसिस्ट तिथेच मरतात. त्याऐवजी ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मायक्रोलिटर घाला, व्होर्टेक्स करा (यंत्रावर जोरात घुसळा), १० मिनिटे थांबा आणि १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ५ मायक्रोलिटर घालून लगेच उदासीन करा.

शुद्ध केलेला नमुना बफरमध्ये २०० मायक्रोलिटर करा. २० मिलिमोलर पीएमएचा १ मायक्रोलिटर घातला की १०० मायक्रोमोलर होते. हे अंधुक उजेडात करा, कारण दिव्याखाली उघडा राहिलेला पीएमए आधीच निकामी होतो. अंधारात १० मिनिटे ठेवून मधूनमधून हलवा, मग निळ्या एलईडीखाली (सुमारे ४६५ नॅनोमीटर) १५ मिनिटे. ट्यूब पारदर्शक हवी. नमुना गढूळ असेल तर प्रकाश आत पोचत नाही आणि मेलेलेही जिवंत म्हणून मोजले जातात. त्याचसाठी आधीचे शुद्धीकरण नीट करायचे.

आता कवच फोडा: द्रव नायट्रोजनमध्ये गोठवणे आणि ९५ अंशांवर वितळवणे, किमान ५ फेऱ्या, नंतर प्रोटीनेज-के (प्रथिने तोडणारे विकर) घालून किटने डीएनए काढा. पाण्यातले ह्यूमिक आम्ल पीसीआर अडवते, म्हणून मिश्रणात ०.४ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर बीएसए (हा अडथळा कमी करणारे प्रथिन) घाला आणि १० पट पातळ केलेला नमुनाही चालवा. सीटी (कितव्या फेरीत संकेत दिसू लागला तो आकडा; डीएनए जितका कमी तितका तो मोठा) साधारण ३.३ ने वाढली तर ठीक. तशीच राहिली किंवा कमी झाली तर अडथळा आहे. पीसीआरने वाढवायला डीएनएचा फार छोटा तुकडा निवडू नका. लांब तुकड्यावर पीएमए जास्त ठिकाणी बसतो आणि मेलेल्यांचा संकेत नीट दबतो.

प्रत्येक खेपेला चार नियंत्रण ट्यूब हव्यात: जिवंत आणि ७० अंशांवर ३० मिनिटे मारलेले ऊसिस्ट, दोन्ही पीएमएसह व पीएमएविना. जिवंतांची सीटी दोन्हीकडे जवळजवळ सारखी यायला हवी. मारलेल्यांत फरक ३.३ आला तर संकेत फक्त दहापट दबला आहे. मेलेले हजार आणि जिवंत दहा असले तर तेवढ्यावर निकाल देता येणार नाही.

अतिनील किरणांनी शुद्ध केलेल्या पाण्यावर ही पद्धत वापरू नका. तिथे डीएनए बिघडतो, पटल शाबूत राहते, पीएमए आत जात नाही आणि संसर्ग करू न शकणारा ऊसिस्ट 'जिवंत' दिसतो. अशा वेळी एचसीटी-८ पेशींत (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या पेशींत) संसर्ग करून ४८ तासांनी क्यूपीसीआर करा. एचएसपी७० (उष्णतेच्या ताणात सक्रिय होणारे जनुक) याच्या एमआरएनएची तपासणी ही वेगळी वाट आहे: ४५ अंशांवर २० मिनिटे उष्णता देऊन मग आरएनए काढायचा. पण अतिनील किरणांनंतरही काही काळ एमआरएनए तयार होऊ शकतो, तेव्हा संसर्गक्षमता तपासायची असेल तर पेशींचीच पद्धत. शिवाय एचएसपी७० जनुकात इंट्रॉन (एमआरएनए बनताना गळणारा भाग) नाही, त्यामुळे उरलेला डीएनएही हुबेहूब तसाच वाढतो. म्हणून डीएनएज (डीएनए तोडणारे विकर) वापरणे आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएपासून डीएनए बनवणारे विकर) न घातलेली नियंत्रण ट्यूब चालवणे, दोन्ही सक्तीचे.