करार पक्का, तरी माल वापस का येतो? शेतकरी कंपन्यांनो, या चुका टाळा

करारावर सह्या झालेल्या असतात, भाव ठरलेला असतो, आणि तरी सोयाबीनच्या तिसऱ्या-चौथ्या गाडीनंतर दोन्हीकडचे फोन उचलणं बंद होतं. वाशिम-यवतमाळकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांत हे पाहून जीव तुटतो. कारण बिघाड बहुतेकदा भावात नसतो, शेतकरी कंपनी आणि तिचा माल घेणारी प्रक्रिया कंपनी, या दोघींच्या वागण्याच्या रीतीत असतो.

सगळ्यात महाग चूक म्हणजे ‘पाहू ना जी’. खरेदी अधिकारी विचारतो, “मंगळवारी 20 टन निघेल?” अध्यक्ष म्हणतात, “पाहू ना जी, होऊन जाईन.” तोंडावर नाही म्हणणं आपल्याकडे बरं दिसत नाही. तिकडे मात्र तेवढ्यावर ट्रक ठरतो, प्लांटचं वेळापत्रक लागतं. पाऊस आला की गाडी रिकामी उभी. म्हणून उत्तरं तीनच ठेवा: ‘हो, इतके क्विंटल’, ‘नाही’, किंवा ‘उद्या दुपारी 12 पर्यंत सांगतो’. आणि तेही व्हॉट्सॲपवर लिहून. खरेदी अधिकारी बदलला की तोंडी शब्द त्याच्यासोबतच जातो.

वाईट बातमीचंही तसंच. ओलावा 12 टक्क्यांच्या वर आहे हे पोती भरण्याआधी सांगितलं, तर माल वाळवायला दिवस मिळतात. प्लांटच्या काट्यावर कळलं, तर माल वापस आणि भाडं आपल्या अंगावर.

दुसरी चूक, निर्णय कोण घेतो हे न सांगणं. त्यांचा मॅनेजर फोनवर भाव ठरवतो. आपल्याकडे शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच, आणि संचालक मंडळाच्या बैठकीला एरवी 7 दिवसांची नोटीस लागते. समोरच्याला ही टाळाटाळ वाटते. हंगामाआधीच ठराव करून सीईओला भावाची खालची मर्यादा बांधून द्या. तिच्या वर त्यानं लगेच सही करावी.

पैशांचं तर विचारूच नका. गावातला व्यापारी नगदी मोजतो, खरेदीदार कंपनीकडचं बिल मात्र हिशेब विभागातून फिरून येतं. तारीख सभासदांना आधी सांगितली नाही, तर चौथ्या दिवशी गावभर ‘पैसे बुडाले’ होतं. खेळतं भांडवल असेल तर सभासदाला निम्मी रक्कम आपल्या काट्यावरच द्या.

खरेदीदारांनाही एक विनंती. पोळ्याच्या दिवशी मीटिंग लावू नका. त्याच्या आधीच्या आठवड्यात गावात या, गोदाम पाहा, आणि एकच नमुना तुमच्या नि आमच्या ओलावा मीटरवर मोजा. फरक निघाला तर तेव्हाच लिहून घ्या.