टॉरमध्ये पहिला रिक्षावाला बदलू नका

कोथरूडहून कॅम्पात जायचंय, पण कुठून निघालात आणि कुठे पोचलात हे एकाच माणसाला कळायला नको. तर तीन रिक्षा करा. पहिल्याने घर पाहिलं, पण सोडलं डेक्कनला. तिसऱ्याने कॅम्पात उतरवलं, पण कोथरूडचं त्याला ठाऊक नाही. मधल्याला दोन्ही टोकांचा पत्ता नाही. टॉर म्हणजे इंटरनेटवर कोण कुठली साइट बघतंय हे लपवणारं जाळं. तेही तुमचा डेटा असाच तीन सर्व्हरमधून नेतं. (मीटरवरून वाद नाही, हा फायदा वेगळा.)

१. टॉर ब्राउझर टॉर प्रोजेक्टच्या साइटवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल नको.

२. एखादी साइट उघडा आणि पत्त्याच्या पट्टीत डावीकडे सर्किटचं, म्हणजे तीन सर्व्हरच्या वाटेचं, चिन्ह आहे, ते दाबा. तीन सर्व्हरचे देश दिसतील. पहिल्यापुढे ‘गार्ड’ लिहिलेलं असतं.

३. तिथेच नवं सर्किट मागायचं बटण आहे. दाबून बघा. पुढचे दोघे बदलतात, गार्ड मात्र तोच! मला आधी ही चूकच वाटली होती. पण पहिला आणि शेवटचा सर्व्हर एकाच भामट्याचे निघाले, तर मधला असून नसल्यासारखा. इकडे डेटा कधी शिरला, तिकडे कधी बाहेर पडला, वेळा जुळवल्या की तुम्ही सापडलात. रोज नवा गार्ड घेत राहिलात तर कधीतरी त्या भामट्याशी गाठ पडणारच. म्हणून टॉर एकच गार्ड महिनोन्‌महिने धरून ठेवतं.

४. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘अमुक देश नको’ असलं काही लिहू नका. जास्त वेगाच्या सर्व्हरला झुकतं माप द्यायचं, एकाच मालकाने आपले म्हणून जाहीर केलेले दोन सर्व्हर एका वाटेवर घ्यायचे नाहीत, हे टॉर स्वतःच बघतं. आपण शहाणपणा केला की आपली वाट चारचौघांपेक्षा वेगळी दिसते, आणि इथे तर गर्दीत मिसळायचंय.

५. टॉर वापरताय हे इंटरनेट कंपनीला दिसतं. तेही नको असेल तर सेटिंगमध्ये ब्रिज, म्हणजे जाहीर यादीत नसलेला पहिला सर्व्हर, चालू करा.

६. शेवटच्या सर्व्हरवर भरवसा ठेवू नका. २००७ मध्ये स्वीडनच्या डॅन एगरस्टाड या संगणक सुरक्षा सल्लागाराने असे पाच सर्व्हर स्वतः चालवले आणि शंभरएक ईमेल खात्यांचे पासवर्ड जाहीर केले. त्यांत भारतीय दूतावासांचेही होते. टॉर फोडायची त्याला गरजच पडली नाही, कारण पासवर्ड उघडेच चालले होते. तेव्हा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत नसेल, तर त्या पानावर पासवर्ड टाकू नका.