या चुका टाळा: अँड्रॉइडवरचा स्क्रीन टाइम बघताना आणि आवरताना

फोन कमी वापरायचा असं ठरवलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी इन्स्टाग्रामला १५ मिनिटांचा टायमर लावतात, तिसऱ्या दिवशी तो काढून टाकतात आणि 'आपल्याकडून हे व्हायचं नाही' म्हणून विषय सोडून देतात. खरं तर गडबड बऱ्याचदा त्याआधीच झालेली असते: आकडा चुकीचा वाचलेला असतो, आणि ज्या वेळी फोन हातातून सुटत नाही त्या वेळेसाठी चुकीचं साधन निवडलेलं असतं.

आधी आकडा कुठे सापडतो ते. सेटिंग्जमध्ये खाली 'डिजिटल वेलबीइंग आणि पालक नियंत्रणे' असा विभाग असतो. गुगलने तो २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ सोबत आणला. त्याचं चिन्ह अ‍ॅपच्या यादीत आपोआप दिसत नाही, त्यामुळे 'माझ्या फोनमध्ये ही सोयच नाही' असा अनेकांचा समज होतो. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'वेलबीइंग' टाइप करा. फोनची भाषा इंग्रजी असेल तर तोच शब्द इंग्रजीत. आत गेल्यावर दिसणाऱ्या वर्तुळावर बोट ठेवलं की डॅशबोर्ड उघडतो. सॅमसंगमध्ये मांडणी थोडी वेगळी आहे, पण नाव जवळपास तेच.

बॅटरीतला आकडा वेगळा, हा वेगळा

बॅटरीच्या पानावर स्क्रीन किती वेळ चालू होती ते दिसतं, पण तो हिशेब फोन शेवटचा पूर्ण चार्ज झाल्यापासूनचा किंवा मागच्या २४ तासांचा असतो. डिजिटल वेलबीइंग मध्यरात्री १२ पासून मोजायला सुरुवात करतं. त्यामुळे एकीकडे साडेसहा तास आणि दुसरीकडे चार तास दिसले तर दोन्ही बरोबर असू शकतात. तुलना करायची असेल तर एकच पान धरून चाला, आणि ते डॅशबोर्डचं असू द्या.

एकूण बेरजेवर भांडू नका

वर्तुळाच्या मधला मोठा आकडा सगळ्यांना दिसतो, आणि घरातली भांडणंही त्याच्यावरूनच होतात. पण त्या आकड्यात फक्त एवढंच मोजलेलं असतं की स्क्रीन चालू होती आणि ते अ‍ॅप समोर होतं. रिक्षाच्या हँडलला फोन लावून दिवसभर नकाशा बघणाऱ्याचे नऊ तास आणि अंथरुणात रील्स बघणाऱ्याचे नऊ तास त्याला सारखेच. सकाळी स्वयंपाक करताना यूट्यूबवर अभंग लावून ठेवले तर तोही सगळा वेळ जमा होतो, कारण यूट्यूबचं पैसे भरून घेतलेलं सदस्यत्व नसेल तर स्क्रीन बंद केली की गाणं थांबतं. तेच अभंग एखाद्या गाण्याच्या अ‍ॅपवर लावून स्क्रीन बंद केली तर शून्य मिनिटं. दुकानात गल्ल्याजवळ यूपीआयचं अ‍ॅप उघडं ठेवलं असेल तर तेही मोजलं जातं.

आकडा उगाच फुगण्याची दोन कारणं मात्र फोनमध्येच असतात. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये स्क्रीन बंद होण्याची मुदत १० मिनिटांवर असेल तर फोन टेबलावर ठेवून तुम्ही चहा करायला गेलात तरी मोजणी सुरूच राहते. ती ३० सेकंद किंवा १ मिनिटावर आणा. दुसरं, कधी कुणी डेव्हलपर पर्याय (सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठीची, एरवी लपलेली सेटिंग) चालू करून दिले असतील तर त्यात 'स्टे अवेक' चालू आहे का बघा. ते चालू असेल तर चार्जिंगला असेपर्यंत स्क्रीन बंदच होत नाही, आणि समोर जे अ‍ॅप असेल त्याच्या नावावर तासच्या तास चढतात.

वाचायचं ते असं. डॅशबोर्डवर सगळ्यात वरची तीन अ‍ॅप बघा, त्यातल्या एकेकावर बोट ठेवा, आणि वरचा पर्याय 'स्क्रीन टाइम' वरून बदलून 'किती वेळा उघडलं' आणि 'किती नोटिफिकेशन आली' हेही बघा. दिवसात ९० वेळा उघडलेलं आणि एकूण ४० मिनिटं चाललेलं अ‍ॅप म्हणजे नोटिफिकेशनचा त्रास. तिथे टायमर लावून काही होत नाही, नोटिफिकेशन बंद करावी लागतात. उलट चार वेळा उघडून अडीच तास गेले असतील तर ते चिकटणारं अ‍ॅप. त्यासाठी टायमर आहे. हा फरक न करता सरसकट टायमर लावणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

टायमर लावतानाच्या चुका

डॅशबोर्डमध्ये अ‍ॅपच्या नावापुढचं वाळूच्या घड्याळाचं चिन्ह दाबून तास-मिनिटं ठरवायची, एवढंच काम. पण हे लक्षात ठेवा की टायमर तुम्ही लावला त्या क्षणापासून मोजत नाही; दिवसाच्या सुरुवातीपासूनचा वापर धरतो. संध्याकाळी सहाला फेसबुकला ३० मिनिटांचा टायमर लावला आणि तोपर्यंत ४५ मिनिटं वापर झालेला असेल, तर फेसबुक तिथल्या तिथे बंद होतं. 'टायमर बिघडलाय' अशी तक्रार बऱ्याचदा यातूनच येते. वेळ संपली की अ‍ॅप थांबतं आणि त्याचं चिन्ह करड्या रंगाचं होतं.

टायमरचा मोठा दुबळेपणा रात्री उघडा पडतो. मोजणी मध्यरात्री १२ ला पुन्हा शून्यावर येते. म्हणजे पावणेबाराला कोटा संपला तरी पंधरा मिनिटांत नवा कोरा कोटा हातात! ज्यांचा खरा प्रश्न रात्री अकरा ते एकचा आहे त्यांना टायमरचा जवळपास उपयोग नाही. त्यांच्यासाठी डिजिटल वेलबीइंगमधलाच फोकस मोड: नको असलेली अ‍ॅप निवडायची आणि वेळापत्रक लावायचं, समजा रात्री १०:३० ते सकाळी ६:३०. त्या वेळेत ती अ‍ॅप उघडत नाहीत आणि त्यांची नोटिफिकेशनही दिसत नाहीत. मध्येच गरज पडली तर ५, १५ किंवा ३० मिनिटांची सुट्टी घेता येते आणि ती संपली की मोड आपोआप परत लागू होतो. टायमर काढून टाकण्यापेक्षा ही सुट्टी बरी, कारण काढलेला टायमर परत कुणी लावत नाही.

मर्यादा किती ठेवायची? रोज दोन तास जाणाऱ्या अ‍ॅपला एकदम १५ मिनिटं दिली तर तुम्ही ती पाळणार नाही, हे उघड आहे. आठवड्याच्या सरासरीतून साधारण पाव भाग कमी करा, म्हणजे १२० वरून ९०, आणि पंधरवड्याने पुढची कात्री लावा.

आणि पळवाटा. इन्स्टाग्रामला टायमर लावला तरी तीच साइट क्रोममध्ये उघडते. त्यासाठी डॅशबोर्डमध्ये क्रोमच्या नावावर जाऊन भेट दिलेल्या साइट दाखवण्याचा पर्याय चालू करा. मग एकेका साइटलाही टायमर लावता येतो. इनकॉग्निटो, म्हणजे इतिहास न ठेवणाऱ्या टॅबमध्ये मात्र हे चालत नाही. फेसबुक आणि फेसबुक लाइट ही फोनच्या लेखी दोन वेगळी अ‍ॅप आहेत, दोन्ही असतील तर दोन्हींना टायमर हवा. 'ड्युअल अ‍ॅप' करून व्हॉट्सअ‍ॅपची किंवा इन्स्टाग्रामची दुसरी प्रत चालवत असाल तर तिला टायमर लागला आहे का ते वेगळं तपासा. आणखी एक गुंता म्हणजे इन्स्टाग्राममधून उघडलेली बातमी त्याच्याच आतल्या खिडकीत उघडते, म्हणून तो वेळ इन्स्टाग्रामच्या खात्यात जातो. काही अ‍ॅपमधून मात्र दुवा क्रोमच्या खिडकीत उघडतो आणि वेळ क्रोमच्या नावावर पडतो. 'मी क्रोम उघडलंच नाही' म्हणणारे म्हणूनच खोटं बोलत नसतात.

टायमर एका फोनपुरता असतो. यूट्यूब टीव्हीवर, टॅबवर आणि फोनवर बघणाऱ्याला खरा हिशेब यूट्यूबच्याच आत, प्रोफाइलमधल्या 'टाइम वॉच्ड' या भागात मिळतो. त्यात त्या खात्यावरून इतर उपकरणांवर बघितलेलंही धरलेलं असतं. पाहण्याचा इतिहास थांबवला किंवा पुसला असेल तर तेवढा वेळ त्यात येत नाही.

सॅमसंगवाल्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. तिथे दिवसभरासाठी ठरवलेलं स्क्रीन टाइमचं उद्दिष्ट फक्त आठवण करून देतं, काहीही बंद करत नाही. बंद करायचं काम अ‍ॅप टायमरचं.

फोन काळा-पांढरा झाला, किंवा वाजेना

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जाण्याआधी डिजिटल वेलबीइंगमधला बेडटाइम मोड बघा. हा मोड ठरलेल्या वेळी स्क्रीनचे रंग काढून घेतो आणि डू नॉट डिस्टर्ब (कॉल आणि नोटिफिकेशनचा आवाज बंद ठेवणारी सोय) चालू करतो. रात्री स्क्रीन करडी होऊन सकाळी पूर्ववत होत असेल तर कारण हेच. रंग दिवसाही परत येत नसतील तर सेटिंग्जमधल्या दिव्यांगांसाठीच्या सोयींत, म्हणजे अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये रंग दुरुस्तीचा पर्याय बघा, तिथेही नसेल तर डेव्हलपर पर्यायांत रंग बदलणारी सेटिंग कुणी लावली आहे का ते. सॅमसंगच्या वन यूआय ५ (सॅमसंग फोनमधल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती) पासून हे काम 'मोड्स अँड रुटीन्स'मधल्या स्लीप मोडकडे गेलं आहे, त्यामुळे जुन्या जागी शोधून ते सापडणार नाही.

रात्री फोन न वाजण्याची तक्रार जास्त गंभीर, विशेषतः गावी म्हातारे आईवडील असतील तर. डू नॉट डिस्टर्बच्या सेटिंगमध्ये 'लोक' या भागात जाऊन कॉलसाठी तारांकित संपर्कांना परवानगी द्या आणि घरच्यांची नावं संपर्कयादीत तारांकित करा. पुन्हा कॉल करणाऱ्यांचा पर्यायही चालू ठेवा. एकाच नंबरावरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजतो. हे न करता बेडटाइम मोड लावू नये.

मोड लागतच नसेल तर तो वेळापत्रकावर आहे की चार्जिंगवर ते बघा. चार्जिंगचा पर्याय निवडला असेल आणि तुम्ही फोन संध्याकाळीच चार्ज करून ठेवत असाल तर रात्री तो सुरू होणार कसा?

शून्य मिनिटं दिसत असतील तर

डिजिटल वेलबीइंगच्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांमधून 'तुमचा डेटा व्यवस्थापित करा'मध्ये जा आणि रोजच्या वापराची नोंद चालू आहे का बघा. ती बंद केली की मागचा इतिहासही जातो, म्हणून कुतूहलापोटी बंद-चालू करून बघू नका. ती चालू असूनही काही दिसत नसेल तर सेटिंग्ज, अ‍ॅप, सर्व अ‍ॅप, डिजिटल वेलबीइंग या वाटेने जाऊन ते अक्षम केलेलं नाही ना आणि वापर पाहण्याची विशेष परवानगी दिलेली आहे ना, हे तपासा. मग प्ले स्टोअरवरून अपडेट करा, कॅशे (तात्पुरती साठवलेली माहिती) पुसा, फोन बंद करून चालू करा. कॅशेच्या शेजारीच स्टोरेज पुसण्याचं बटण असतं. ते दाबलं तर टायमर, वेळापत्रक सगळं नव्याने लावावं लागतं. तारीख आणि वेळ नेटवर्कनुसार आपोआप राहू द्या, हाताने घड्याळ मागेपुढे केलं की दिवसांच्या नोंदी सरकतात.

वेगळं अ‍ॅप घ्यायच्या आधी

प्ले स्टोअरवर स्क्रीन टाइमची अ‍ॅप ढिगाने आहेत, काही चांगलीही. त्यांना वापर पाहण्याची परवानगी लागणं स्वाभाविक आहे. अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली तर मात्र थांबून विचार करा: ती दिली की ते अ‍ॅप स्क्रीनवर काय लिहिलं आहे ते वाचू शकतं, अगदी बँकेच्या अ‍ॅपमधलंही बरंच काही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एपीके फाइलमधून (प्ले स्टोअरशिवाय थेट बसवता येणारी फाइल) असलं अ‍ॅप कधीच बसवू नका. शिवाय शाओमी, विवो, ओप्पो अशा फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप बंद केली जातात आणि मोजणी अर्धवट राहते. घेतलंच तर ऑटोस्टार्टची परवानगी द्या आणि बॅटरीचं बंधन काढा.

मुलांसाठी टायमर पुरत नाही

आठ वर्षांचं मूलसुद्धा टायमर काढायचं कसं ते एकदा बघून शिकतं, कारण तो काढायला पासवर्ड लागत नाही. मुलाचा स्वतःचा फोन किंवा टॅब असेल तर गुगलचं फॅमिली लिंक वापरा: मुलाचं गुगल खातं त्यात जोडायचं आणि रोजची मर्यादा, अ‍ॅपनिहाय मर्यादा, झोपेची वेळ हे सगळं पालकाच्या फोनवरून ठरवायचं. मुलाच्या फोनवरून मर्यादा हलवता येत नाही. अभ्यासासाठी जास्त वेळ हवा असेल तर तुम्ही त्या दिवसापुरती वाढवून देता. नेहमीची गफलत अशी की रोजची मर्यादा उपकरणागणिक असते. दोन तास ठरवले आणि मुलाकडे फोन व टॅब दोन्ही असतील तर होतात चार.

मूल तुमचाच फोन वापरत असेल तर फॅमिली लिंकचा काही उपयोग नाही, आणि त्याचा वेळही तुमच्याच आकड्यात मिसळतो. अशा वेळी यूट्यूब किड्स उघडून त्यातला टायमर लावा, आणि सुरक्षिततेच्या सेटिंगमधून अ‍ॅप पिन करून (म्हणजे स्क्रीनवर तेवढंच अडकवून) 'अनपिन करताना पिन विचारा' हे चालू ठेवा, म्हणजे ते त्या अ‍ॅपबाहेर जात नाही. किती वेळ द्यायचा यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक सूचना हाताशी आहे: २ वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नकोच, २ ते ४ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त १ तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम.