रस्त्याच्या साइटवर आधी कडी बघा
साइटवर गेले की मी रोलर नंतर बघते, आधी बायकांच्या संडासाची कडी. आतून लागते का? वाटेत रात्री दिवा असतो का? छेड काढणारे बायकांना अंधारातच गाठतात.

छेडछाडीची तक्रार ऐकायला बाई नेमा, मुकादम नको. बऱ्याचदा तक्रार त्याच्याविरुद्धच असते. बोलली म्हणून कुणाची हजेरी तुटणार नाही, हे मजुरी वाटताना सगळ्यांदेखत सांगा.

गरम डांबर १५० अंशांच्या आसपास असतं. अंगावर उडालं तर भाजलेला भाग २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. चिकटलेलं डांबर ओढू नका, कातडी सोबत येते. मग थेट दवाखाना.

डंपर मागे घेताना झेंडीवाला हवाच. नुसता भोंगा आठवड्याभरात कुणाला ऐकूच येईनासा होतो. काँक्रीट कापताना पाणी मारत राहा.