डेकाट्रॉनचा ठिपका फिरत नाही? ड्रायव्हर बनवताना या चुका टाळा

डेकाट्रॉन म्हणजे मोजणी करणारी वायू भरलेली काचेची नळी; दर पल्सला तिच्यातला उजेडाचा ठिपका एक घर पुढे सरकतो. हा ठिपका एकाच जागी अडकला की बहुतेक जण 'नळी गेली' म्हणून मोकळे होतात. खरं तर या नळ्या चिवट. इंग्लंडमधल्या हार्वेल अणुसंशोधन केंद्राच्या १९५१ सालच्या संगणकात अशा ८२८ नळ्या होत्या आणि डागडुजीनंतर २०१२ मध्ये तो पुन्हा मोजायला लागला. दोष सहसा ड्रायव्हरमध्ये (नळीला व्होल्टेज आणि पल्स देणाऱ्या सर्किटमध्ये) असतो, तोही ठरावीक जागी. खालचे आकडे जीसी१०बी या निऑन नळीचे आहेत. तुमची नळी वेगळी असेल तर तिची डेटाशीट समोर ठेवा.

सुरुवात पुरवठ्यापासून. निक्सीसाठी (आकडे दाखवणाऱ्या नळीसाठी) केलेला, व्होल्टेज वाढवणारा १७०-१८० व्होल्टचा बूस्ट कन्व्हर्टर हाताशी असतो, तोच इथे जोडला जातो. पण ही नळी पेटल्यावर तिच्यावर सुमारे १९० व्होल्ट राहतात आणि पेटायला साडेतीनशेच्या आसपास लागतात. तेव्हा ४५० ते ४७५ व्होल्ट हवेतच. बूस्ट सुमारे २३० व्होल्टपर्यंत चढवून त्याच्या पुढे डायोड-कपॅसिटरचा, व्होल्टेज दुप्पट करणारा डबलर लावला तर काम होतं. कपॅसिटरवर ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर साठलेला चार्ज उतरवणारा) विसरू नका. इतके व्होल्ट जीव घेऊ शकतात.

अ‍ॅनोडचा रेझिस्टर ८२० किलोओहम. ४५० मधून १९० गेले, उरले २६०; म्हणजे प्रवाह ०.३२ मिलिअँपिअर, अगदी हवा तेवढा. पाव वॉटचा साधा रेझिस्टर मात्र बहुधा २५० व्होल्टपुरताच असतो, म्हणून ३९० किलोओहमचे दोन सिरीजमध्ये लावा (मिळून ७८० होतात, तेवढा फरक चालतो). आणि ते सॉकेटच्या पिनलाच सोल्डर करा. वीतभर वायरीच्या टोकाला लावले तर वायरीची कपॅसिटन्स अ‍ॅनोडचं व्होल्टेज धरून ठेवते. शेजारचा कॅथोड (ज्या ऋण पिनेवर ठिपका बसतो ती) पेटला की अ‍ॅनोड लगेच खाली आला पाहिजे, तरच जुना ठिपका विझतो.

आता खरं दुखणं: गाईड. नळीत दहा मुख्य कॅथोड आणि दर दोघांच्या मध्ये ठिपक्याला पुढे नेणाऱ्या दोन गाईड पिना असतात. ठिपका नेहमी सगळ्यात खालच्या व्होल्टेजच्या शेजाऱ्याकडे सरकतो. एरवी गाईड कॅथोडपेक्षा सुमारे ३६ व्होल्ट वर हवेत आणि पल्सच्या वेळी कॅथोडच्या सुमारे ८० व्होल्ट खाली जायला हवेत. नेमकं इथेच फसतं. कॅथोड ग्राउंडला, गाईडला पुल-अप (वरच्या व्होल्टेजला जोडणारा रेझिस्टर), आणि ट्रान्झिस्टर गाईडला शून्यापर्यंत ओढतो. शून्य म्हणजे कॅथोडच्या बरोबरीने, खाली नव्हे! मग ठिपका कधी सरकतो, कधी नुसता थरथरतो, आणि आपण कोडमध्ये चूक शोधत बसतो.

उणे पुरवठा नको असेल तर सगळंच वर उचला. मुख्य कॅथोड ८२ व्होल्टच्या झेनरवर (व्होल्टेज ठरावीक पातळीवर धरणारा डायोड), त्याला समांतर कपॅसिटर. गाईड पुल-अपने ११८ व्होल्टवर. अ‍ॅनोडचा पुरवठा ५३० च्या आसपास. आता ट्रान्झिस्टरने गाईड ग्राउंडला ओढला की तो खरोखर ८२ व्होल्ट खाली जातो. ट्रान्झिस्टर एमपीएसए४२ सारखा ३०० व्होल्टचा घ्या. ४० व्होल्टचा २एन३९०४ इथे टिकणार नाही.

क्रम असा: पहिला गाईड ओढा, ८० मायक्रोसेकंद थांबा, दुसरा ओढा, मगच पहिला सोडा, पुन्हा तेवढंच थांबा, दुसरा सोडा. पहिला आधी सोडला आणि मध्ये फट राहिली तर ठिपका मागे घरंगळतो. डोळ्यांना दिसतं ते एवढंच की तो शेजारी डोकावतो आणि परत येतो. शेवटी कॅथोडवर बसायलाही वेळ द्या. कमाल वेग ४ किलोहर्ट्झ, म्हणजे एका मोजणीला निदान २५० मायक्रोसेकंद. मायक्रोकंट्रोलर चालू होताना पिना तरंगत्या असतात, म्हणून प्रत्येक बेसपासून ग्राउंडला १० किलोओहम टाका.

फक्त शून्यावरच गडबड होत असेल तर शून्याच्या कॅथोडचा (याची पिन बाकीच्यांपासून वेगळी काढलेली असते) १५० किलोओहमचा रेझिस्टर पाहा. ०.३ मिलिअँपिअरला त्याच्यावर ४५ व्होल्ट पडतात, म्हणजे तो कॅथोड गाईडच्याही वर जातो आणि ठिपका तिथून निसटतो. या रेझिस्टरचं दुसरं टोक बाकीच्या कॅथोडपेक्षा २० व्होल्ट खाली न्या (वरच्या जुळणीत ६२ व्होल्टवर), की पेटल्यावर तो २५ पर्यंतच चढतो.

प्रवाह मोजायला अ‍ॅनोडकडे प्रोब नेऊ नका. सामाईक कॅथोडच्या वायरीत १ किलोओहम टाका आणि त्याच्या दोन टोकांमध्ये मोजा, ०.३ व्होल्ट म्हणजे ०.३ मिलिअँपिअर. ठिपका शून्यावर असताना मात्र हे वाचन मिळणार नाही.

हे सगळं ठीक असूनही ठिपका दर फेरीला त्याच एका जागी अडत असेल तर दोष नळीचा. ती पूर्वी एकाच आकड्यावर फार काळ पेटून राहिलेली असते. तिला काही तास, गरज पडली तर काही दिवस, सतत फिरत ठेवा. बऱ्याच नळ्या यातून सुधारतात. अंधाऱ्या खोलीत पेटायला उशीर लागणं मात्र दोष नाही, थोडा उजेड पडू द्या. आणि ठिपका उलटा फिरत असेल तर दोन्ही गाईडच्या वायरी अदलाबदल करा, बाकी कशाला हात लावू नका.