डिस्क रिले तपासताना: आधी इंजेक्शन, मग ब्रश

शिवडी-वडाळ्याच्या बाजूला जुन्या कारखान्यांच्या ११ केव्ही पॅनेलवर काळ्या पेटीतले डिस्क रिले अजून कामावर आहेत. करंट प्रमाणाबाहेर वाढला की यातली चकती फिरून कॉन्टॅक्ट मिटवते आणि ब्रेकर पाडते. न्यूमरिकल (मायक्रोप्रोसेसरवर चालणाऱ्या) रिलेत बिघाड झाला की तो बहुतेक वेळा स्वतःच अलार्म देतो. डिस्क रिले अडकला तरी बाहेरून काही कळत नाही. फॉल्ट (शॉर्ट सर्किटसारखा दोष) येईल तेव्हा तो ट्रिप देईल, म्हणजे ब्रेकर पाडेल की नाही, हे तपासल्याशिवाय समजायचा मार्ग नाही.

म्हणून माझा आग्रह एकच: रिले आहे तसा आधी तपासा. बरेच जण काच उघडली की लगेच ब्रश फिरवतात. मग रीडिंग छान येतं, पण इतके महिने तो फीडर (पॅनेलवरून वीज पुढे नेणारी लाइन) खरोखर सुरक्षित होता का, याचा पुरावा त्या ब्रशनेच पुसून टाकलेला असतो.

परमिट (कामाची लेखी परवानगी) हातात आल्यावर सेटिंगचा फोटो घ्या आणि ट्रिप लिंक (रिलेकडून ब्रेकरकडे जाणारा जोड) काढा. फीडर चालू असेल तर सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मरची) सेकंडरी, म्हणजे रिलेकडची बाजू, क्षणभरही उघडी राहता कामा नये. ती उघडली की प्रायमरीचा सगळा करंट कोअर मॅग्नेटाइझ करण्यात जातो आणि टर्मिनलवर जीवघेणं व्होल्टेज चढतं. ड्रॉ-आउट रिले बाहेर ओढल्यावर केसमधले शॉर्टिंग कॉन्टॅक्ट आपोआप लागतात, हे खरं. तरी मी टर्मिनल ब्लॉकवर शॉर्ट करतो, शॉर्टमधून करंट जातोय हे टाँग टेस्टरने (वायरभोवती लावायच्या करंट मीटरने) पाहतो आणि मगच रिलेला हात लावतो.

आता इंजेक्शन, म्हणजे टेस्ट किटमधून रिलेला मोजका करंट देऊन वेळ घेणं. समजा ५ अँपिअरचा नॉर्मल इन्व्हर्स (करंट जितका जास्त तितका लवकर चालणारा) रिले आहे, प्लग (किती करंटला चालू व्हायचं ते सेटिंग) ५० टक्क्यांवर, टीएमएस (वेळेचा गुणक) ०.३. म्हणजे सेटिंग २.५ अँपिअर. दुप्पट, म्हणजे ५ अँपिअर दिले की सुमारे ३ सेकंद लागायला हवेत, पाचपट, १२.५ अँपिअरला सुमारे १.२८ सेकंद. जास्त पटीला कोअर सॅच्युरेट होतो आणि करंटचा आकार बिघडतो, मग वेळ खोटी येते. त्यासाठी किटच्या आउटपुटला सिरीजमध्ये रेझिस्टन्स ठेवा. दोन चाचण्यांमध्ये कॉइल थंड होऊ द्या, डिस्क पूर्ण मागे आली की मगच पुढचं इंजेक्शन.

दुपटीची चाचणी कधीही गाळू नका. शिवडीच्या एका पॅनेलवर पाचपटीला तिन्ही फेजचे रिले जवळपास बरोबर होते, पण दुपटीला बी फेज ४ सेकंदांच्याही पुढे गेला. काचेतून तिरका टॉर्च मारला तर ड्रॅग मॅग्नेटच्या (डिस्कला आवर घालणाऱ्या चुंबकाच्या) फटीत लोखंडाचा एक बारीक कीस उभा, डिस्कच्या कडेला घासत होता. करंट भरपूर असताना डिस्क त्याला रेटून पुढे जाते. कमी करंटला मात्र तेवढंच घर्षण भारी पडतं. कीस काढायला चिकटपट्टीची अरुंद पट्टी फटीतून अलगद ओढा. फुंकर मारू नका, तो आणखी आत जातो.

कॉन्टॅक्टला सँडपेपर कधीच नको, बर्निशिंग टूलच (कॉन्टॅक्ट हलकेच साफ करायची बारीक पट्टी) वापरा. बेअरिंगमध्ये तेल घालू नका, त्यावर धूळ बसते आणि पुढच्या वर्षी डिस्क जड होते. समुद्राच्या हवेने पितळी टर्मिनलवर हिरवा थर चढलाय का, काचेचं गॅस्केट कडक झालंय का, हे पावसाळ्याआधी बघा. मुंबईत अर्धे बिघाड त्या गॅस्केटमधून आत येतात, असं माझं मत आहे.

साफसफाईनंतर पुन्हा त्याच पटींना वेळ घ्या आणि दोन्ही रीडिंग शेजारी शेजारी लिहा. मग ट्रिप लिंक लावा, शटडाऊन असतानाच हाताने कॉन्टॅक्ट मिटवून ब्रेकर खरोखर पडतो का आणि फ्लॅग (रिले चालल्याची खूण) पडतो का ते पाहा. रिलेची वेळ अचूक आणि ट्रिप कॉइलची वायर सुटलेली, असंही होतं. शेवटी सीटीचे शॉर्टिंग काढा, फ्लॅग रिसेट करा, परमिट परत करा, आणि फीडर लोडवर आल्यावर तिन्ही फेजच्या सेकंडरीत करंट सारखा येतोय हे टाँग टेस्टरने बघा.